गव्हाणीतला गंधरस

दिवाळीच्या फराळात हा नाताळचा केक कुठून आला, असे वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. दिवाळी अंक दिवाळीत वाचून संपतो, ही संपादकांची समजूत आहे. वाचकांची गोष्ट निराळी. नरक चतुर्दशीला उघडलेला अंक उशाशी पडून राहतो आणि मागच्या पानांपर्यंत पोहोचायला डिसेंबर उजाडतो. तोवर आमच्या मारेगावच्या शिवारात कापसाची वेचणी चाललेली असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, आणि गावातल्या एखाददुसऱ्या घरावर बांबूच्या कामट्यांचा कागदी तारा चढतो.

मी ख्रिस्ती नाही. नाताळ म्हणजे तारा, केक आणि तांबड्या डगल्यातला म्हातारा, एवढेच माझेही ज्ञान पुष्कळ वर्षे होते. गुड फ्रायडे हा दुसराच काहीतरी सुतकी दिवस, आणि या दोघांचा संबंध एकाच माणसाचा जन्म आणि मृत्यू एवढाच. गंमत अशी, की नाताळ आणि क्रूस हे दोन्ही शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. यवतमाळकडे काम केले ते अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट मिशनने, पण शब्द मात्र गोव्याच्या वाटेने आलेलेच राहिले. दोन्ही एकाच गलबतातून उतरले असावेत, असे मला गेल्या वर्षापासून वाटू लागले आहे.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. मी त्यांना मावशी म्हणतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांचा कर्ता मुलगा आजारात गेला. आमच्याकडे वर्षात मरण झालेल्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजाऱ्यांनी न्यायचा, आकाशकंदील लावायचा नाही. अशी घरे आमच्या तालुक्यात दर वर्षी असतात. त्यांची कारणे वर्तमानपत्रांनी तुम्हाला वेळोवेळी सांगितलेलीच आहेत. तेव्हा मावशींच्या घरी नाताळ होणार नाही, असे आळीने धरूनच ठेवले होते. पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तारा लागला. आळीत कुजबूज झाली. मी सरळ विचारले.

मावशी म्हणाल्या, "काऊन नाही लावाचा, बापू? हा का हसऱ्या घराचाच सण हाय? त्याच्या मायलेही लेकरू कडेवर असतानाच सांगून ठेवलं होतं, तुझ्या काळजातून तलवार जाईन म्हणून."

मला हे ठाऊक नव्हते. घरी येऊन लूकचे शुभवर्तमान काढले. दुसऱ्याच अध्यायात ते आहे. मेंढपाळ आणि देवदूत यांच्यानंतर लगेच, चाळीस दिवसांचे मूल घेऊन आईबाप यरुशलेमच्या मंदिरात जातात. तिथे शिमोन नावाचा वृद्ध मूल हातात घेतो, देवाचे आभार मानतो, आणि मग आईकडे वळून तलवारीचे बोलतो. बाळाला बघायला आलेला म्हातारा असे बोलला तर आमच्या घरी त्याला कोणी चहा विचारणार नाही. लूकने मात्र ते वाक्य गाळले नाही.

एकदा डोळा उघडला की मग जिकडेतिकडे तेच दिसते. मत्तयाने लिहिले आहे, की पूर्वेकडचे ज्ञानी सोने, ऊद आणि गंधरस घेऊन आले. सोने राजाला, ऊद देवाला, हे समजते. गंधरस कशाला? क्रुसावर देण्यापूर्वी येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला, असे मार्क सांगतो. त्याने तो घेतला नाही. आणि योहानाच्या कथेत निकदेम त्याच्या प्रेताला लावण्यासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो. पाळण्याशी ठेवलेल्या भेटीतली एक वस्तू प्रेताची होती.

यावर कोणी म्हणेल, त्यात नवल काय? आमचा कृष्ण तुरुंगात जन्मला, कंसाने बालके मारली, आणि मध्यरात्री यमुना ओलांडून त्याला न्यावे लागले. खरे आहे. बेथलेहेमची मुले मारणारा हेरोद वाचताना मराठी माणसाला कंस आठवणारच. पण पुढे वाटा फुटतात. कृष्ण कंसाला मारतो. येशू राजसत्तेकडून मारला जातो. शेवटी कृष्णालाही जरा व्याधाचा बाण लागतो, पण गोकुळाष्टमीला दही सांडताना त्या बाणाची आठवण कोणी काढत नाही, आणि काढूही नये. ती कथा जन्माकडून पुढे जाते. ख्रिस्ताची कथा शेवटाकडून मागे आलेली आहे.

हे मी अलंकाराने म्हणत नाही. चार शुभवर्तमानांत सर्वांत जुने मार्कचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात जन्माची कथाच नाही! सोळांपैकी सहा अध्याय मात्र शेवटच्या आठवड्यालाच दिले आहेत. पहिले ख्रिस्ती लोक मरण आणि पुनरुत्थान पाळत होते; 25 डिसेंबरला जन्मोत्सव केल्याची सर्वांत जुनी नोंद रोमची, इसवी सन 336 ची. आधी क्रूस, मग पाळणा. ज्याचे मरण एवढे मोठे, तो जन्मला कसा, असे लोकांनी नंतर विचारले.

तारखेचीही एक जुनी समजूत आहे. येशू 25 मार्चला क्रुसावर गेला आणि त्याच तारखेला तो आईच्या उदरात आला होता, असे मानणारे होते. संत ऑगस्टीनने ते नोंदून ठेवले आहे. 25 मार्चपासून नऊ महिने मोजा, म्हणजे नाताळ येतो. ही तारीख रोमच्या सूर्योत्सवावरून आली असे म्हणणारे पंडितही आहेत. त्यांचे भांडण त्यांनी मिटवावे. पण 2005 आणि 2016 या दोन वर्षी गुड फ्रायडे नेमका 25 मार्चलाच आला होता, हे पंचांग चाळण्याची सवय असलेल्या वाचकांना सांगून ठेवतो.

ग्रीकमधून हे सारे वाचणारी माणसे एके काळी आमच्याच जिल्ह्यात होती. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 साली यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. पण मराठीला हे त्याच्या फार आधी सांगून झाले होते. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या पुराणात जन्मापासून क्रुसापर्यंत आणि त्याही पुढे ओव्या अखंड चालतात. पुराण ऐकायला बसलेला श्रोता पाळण्यापाशी उठून घरी गेला, असे होत नसते.

मात्र एक गोष्ट मला पटत नाही. काही उपदेशक नाताळच्या दिवशीही इतक्या घाईने क्रुसाकडे धावतात, की मूल हे केवळ मरणाचे साधन होऊन बसते. पापाचा हिशोब, त्याची फेड, आणि बेरीज बरोबर. मग तेहतीस वर्षांचे जगणे कशाला हवे होते? मूल खरोखरच बाळंत्यात गुंडाळलेले होते, खरोखरच गव्हाणीत निजले होते. गव्हाणी हा शब्द शहरी वाचकांनी कोशात पाहिला असेल. आमच्याकडे ती रोज दिसते. बैलाने तोंड घालून कुटार खावे, ती जागा. आईने लेकरू ठेवले ते अन्न ठेवण्याच्या जागी. हिब्रूत बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. आणि पकडला जाण्याच्या रात्री त्याच मुलाने भाकरी मोडून, हे माझे शरीर, असे म्हटले. लूकने हे जाणून लिहिले की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण ज्याच्या घरी गोठा आहे, त्याला हे जोडून दाखवावे लागत नाही.

रोमन कॅथलिक पंचांगात नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, 26 डिसेंबरला, दगडांनी ठेचून मारलेल्या स्तेफनाचा दिवस असतो, आणि 28 ला हेरोदाने मारलेल्या मुलांचा. आनंदाला एक दिवस पुरता मिळतो, आणि मग लगेच हे. मावशींच्या मंडळीत हे दिवस पाळत नाहीत. मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग मी का वेगळं सांगत होती?" आणि वाटीभर दाणे माझ्यापुढे सरकवले.