पासबुक मुलाच्या नावे

युगांडातील राकाई आणि मसाका या भागांत एड्सच्या साथीने कित्येक घरांतली कर्ती पिढीच नेली. मुले आजीच्या पदराखाली आली. तिथे १९९७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे. पण सातवीची परीक्षा झाली की माध्यमिक शाळेची फी आजीच्या आवाक्यात राहत नाही. शाळा सुटते ती इथेच.

संशोधक फ्रेड सेवामाला यांच्या ‘सूबी’ प्रकल्पाने नेमके हेच वळण पकडले. अनाथ मुलाच्या नावे, सांभाळणाऱ्यासह संयुक्त बँक खाते उघडले. घरच्यांनी एक शिलिंग टाकला की ठरावीक मर्यादेपर्यंत प्रकल्प दोन शिलिंग घालत असे. ही जोडरक्कम पुढच्या शिक्षणासाठी किंवा छोट्या व्यवसायासाठीच. सोबत पैशाच्या व्यवहाराचे वर्ग आणि पाठीशी उभा राहणारा एक मार्गदर्शक. या मुलांची शिकण्याची उमेद, परीक्षेतले गुण आणि मनःस्थिती इतर अनाथ मुलांच्या तुलनेत सुधारल्याचे अभ्यासांत दिसले.

आपण कार्यकर्त्यांनी यातून घ्यायचे ते हे: बचत आणि आधार वेगळे काढता येत नाहीत. मामा-काकांची माया आटलेली नसते. पण त्यांनी दिलेले दोनशे रुपये किराण्यात जातात, आणि पोटापुढे ते जाणारच. मुलाच्या नावाचे पासबुक असले, की त्या दोनशे रुपयांना जागा मिळते आणि देणाऱ्यालाही पुन्हा द्यावेसे वाटते.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेतून अशा मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यावर घर चालते. त्यातून बचतीची सक्ती करणे अन्यायाचे ठरेल. मात्र अठरा पूर्ण होताच ही मदत थांबते आणि कॉलेजचा खर्च तेव्हाच सुरू होतो. म्हणून जोडरक्कम बाहेरून यायला हवी. दर जूनला वह्या-दप्तरे वाटणाऱ्या दात्यांना आपण सांगू शकतो: या वर्षी या मुलीच्या खात्यातल्या प्रत्येक शंभराला तुमचे शंभर घाला. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. शाखेत मुलासोबत जाऊन ते उघडून देणे आपल्या हातात आहे.

पुढच्या गृहभेटीत प्रगतिपुस्तकाबरोबर पासबुकही पाहा. आणि दहावीनंतर या मुलासाठी कोण उभे राहणार, ते नाव विचारून केस फाइलमध्ये लिहा. नाव मिळाले नाही, तर ते शोधणे हेच त्या महिन्याचे पहिले काम.