धुरजड आणि उलाळ

या पानाच्या नेहमीच्या वाचकांनी माझ्याकडून शब्दांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, शुद्धलेखनाची कुरकूर ऐकली आहे आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतले नमुनेही गोड मानून घेतले आहेत. या वेळच्या मजकुराला मात्र थोडा डिझेलचा वास येईल. त्याला इलाज नाही. २०२४ च्या दिवाळीत मी, मराठीचा एम. ए., सायकलच्या साखळीला बोट लागले तरी साबण शोधणारा गृहस्थ, जुनी पिकअप गाडी विकत घ्यायला निघालो होतो. निघालो होतो म्हणजे मला नेण्यात आले होते.

पोखर्णी हे आमचे गाव. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गावाचे स्टेशन आहे आणि गावाइतकेच नाव नृसिंहाच्या देवळाचे आहे. नृसिंह हे पुष्कळ घराण्यांचे कुलदैवत. त्यामुळे माणसांचा राबता कायमचा. धाकट्या भावाने हे हेरून शेतीला जोड म्हणून मंडपाचा धंदा काढला. खुर्च्या, कनाती, मोठी पातेली आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला एक जनरेटर. धंदा बरा चालतो. फक्त मिळकतीतला मोठा घास भाड्याची गाडी खात असे.

घास खाल्ला तर एक वेळ चालले असते. त्या वर्षीच्या वैशाखात एका लग्नाहून परतताना उतारावर ट्रॉलीचा हूक तुटला आणि जनरेटर आपल्या मर्जीने एका रिकाम्या शेतात गेला. कोणाला खरचटलेही नाही. पण माझा बारा वर्षांचा पुतण्या एरवी त्याच ट्रॉलीवर, जनरेटरला टेकून, राजासारखा बसून येत असे. त्या दिवशी पोट दुखते म्हणून तो घरी राहिला होता. नंतर हूक पाहिला, तर तो गाडीच्या सांगाड्याला नव्हताच; मागच्या पातळ पट्टीला वेल्डिंगने चिकटवलेला होता. आईने हे ऐकले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिने हातातल्या पाटल्या काढून भावापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "घरची गाडी घे. पण बघून घे."

उरलेली रक्कम पतसंस्थेची. तिला जामीन मी. त्यामुळे "दादा, तुम्ही फक्त कागदं बघा, बाकीचं मी बघतो," असे भावाने सांगितले तेव्हा मला नाही म्हणता येईना.

तुळशीचे लग्न लागले की लग्नांचा हंगाम उघडतो. त्याच्या आत गाडी हवी होती आणि शक्य तर पाडव्यालाच दारात उभी हवी होती. मुहूर्त हा ग्राहकाचा शत्रू आहे, हे मी तेव्हा शिकलो. विकणाऱ्याला पाडवा आपल्याइतकाच ठाऊक असतो.

पहिली गाडी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावी, जुन्या गाड्यांच्या दलालाच्या आवारात पाहिली. पांढरीशुभ्र, नवा रंग, आसनांवर लाल मखमल आणि टपावर पितळी गरुड. भाऊ तिच्या प्रेमातच पडला. मलाही ती आवडली, हे कबूल केले पाहिजे. पुस्तकसुद्धा मी वेष्टण पाहूनच उचलतो. सुदैवाने आम्ही परभणीहून एका उस्तादांना बरोबर नेले होते. तीस-पस्तीस वर्षे गाड्यांखाली निजलेला माणूस. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली नाही, रंगाकडे पाहिले नाही; इंजिनावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "गरम कामून आहे? आमच्या आधी कोन आलतं?" कोणी आले नव्हते. गार इंजिन सुरू व्हायला किती कुरकुरते हे आम्हांला दिसू नये, म्हणून मालकाने ते आधीच तापवून ठेवले होते.

मग उस्ताद खाली शिरले आणि मलाही शिरायला लावले. "सर, रंग मत देखो, नीचे देखो." खाली मागच्या पाट्यांची चळत होती. एका बाजूला एक पाटा इतरांपेक्षा कोरा, नंतर घातलेला. म्हणजे गाडीने झेपण्यापेक्षा जास्त माल वाहिला होता. त्यांनी सांगाड्यावर, पाटा जिथे टांगलेला असतो तिथे, पान्याने हळूच खरवडले. काळ्या रंगाखाली वेल्डिंगची जाड शिवण निघाली. चेसीला तडा गेलेला होता आणि तो सांधून रंगाने झाकला होता.

शेवटची परीक्षा मला फार आवडली. हँडब्रेक ओढायचा, वरचा गेअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन गपकन बंद पडते. इथे ते गुरगुरत चालूच राहिले आणि करपल्याचा वास आला. ओढायच्या गाडीचा क्लच आधी मरतो, असे उस्ताद म्हणाले. कारण उभ्या जागेवरून ओझे हलवताना सगळी झटापट त्याच्याच अंगावर येते. भाऊ परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलला नाही. मखमल त्याच्या मनातून जात नव्हती.

मला मात्र आमच्या वडिलांची आठवण येत होती. खंडोबाच्या माळेगावच्या यात्रेतून त्यांनी एकदा लाल कंधारी बैलांची जोडी आणली होती. मी तेव्हा लहान. उपरण्याखाली बोटे दाबून चाललेला सौदा मला जादूसारखा वाटला होता. पण सौद्याच्या आधी वडील अर्धा दिवस नुसते पाहत होते. शिंगांचा रंग, गळ्यातले गोंडे यांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. दात पाहत, खूर पाहत आणि मग म्हणत, "जुंपून दाखवा." भरल्या गाडीला जुंपून चढावर चालवायचे, मध्येच थांबवायचे आणि पुन्हा उठवायचे. उस्तादांनी केले ते याहून वेगळे काय होते?

दुसरी गाडी परभणीतच मिळाली. टाटांची, जिला सारा महाराष्ट्र 'छोटा हत्ती' म्हणतो, ती. २००५ साली ती बाजारात आली आणि शहरांच्या गल्ल्यांतून माल नेणाऱ्या हजारो लोकांचा संसार तिने उभा केला. गाडी निर्मळ होती, कागद चोख होते, किंमत आवाक्यातली होती. मी तर हो म्हणायच्या बेतात होतो. उस्तादांनी मान हलवली. तिचे जुने इंजिन दोन सिलिंडरचे, तिचा जन्म पाऊणएक टन माल पाठीवर घेऊन गल्लीबोळांतून फिरण्यासाठी झालेला. तिच्यामागे टनावरचा जनरेटर बांधणे म्हणजे शेळीला नांगराला जुंपणे. वाहणे वेगळे आणि ओढणे वेगळे, हे मला तिथे प्रथम उमगले. नोंदणीच्या कागदावर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे एकूण वजन लिहिलेले असते; ती झाली पाठीची गोष्ट. मागे किती बांधता येईल ते कंपनीला विचारावे लागते. आणि नुसते इंजिन सशक्त असून भागत नाही. "ओढायचं काम इंजिन करतं सर, थांबवायचं कोन करणार?" असे उस्तादांनी विचारले, तेव्हा वैशाखातला तो उतार माझ्या डोळ्यांपुढे आला. मागचे ओझे चढावर ओढावे लागते, पण उतारावर तेच आपल्याला ढकलू लागते.

पाडवा जवळ आला. घरी ताण वाढला. भावाने एका रात्री फोनवर ऐकवले, "दादा, तुमचा पगार एक तारखेला येतो. माझा हंगाम गेला की वर्ष गेलं." हे खरेच होते आणि म्हणूनच लागले. मी म्हणालो, "पाडवा पुढच्या वर्षी पुन्हा येईल, पाटल्या येणार नाहीत." हेही खरेच होते. दोघांनीही फोन ठेवला.

तिसरी गाडी गंगाखेडच्या बाजूला एका दूधवाल्याकडे निघाली. महिंद्रांची बोलेरो पिकअप, २०१५ ची. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या या मंडळींनी पुढे जीप जोडायला घेतली, आणि २००० साली बोलेरो आणली; त्यामुळे ही गाडी जीपच्याच कुळातली. दिसायला अगदी केविलवाणी. डावा दरवाजा चेपलेला, फाळक्याची एक कडी तारेने बांधलेली, हौद्यात कॅन घासून पत्रा उघडा पडलेला. भावाने दुरूनच तोंड फिरवले. पण इंजिन गार होते आणि एका हाकेत उठले. तेलाचे झाकण उघडून चालू इंजिनाच्या तोंडाशी उस्तादांनी हात धरला. धुराचा लोट आला नाही. झाकणाच्या आत दह्यासारखा पांढरा थर नव्हता. तो असला तर तेलात पाणी शिरले असे समजावे. पाटे सगळे एका वयाचे. चेसीला गंज होता, शिवण नव्हती. हँडब्रेक ओढून क्लच सोडताच इंजिन जागच्या जागी मेले. चारही बोटभर झिजलेले टायर सारखेच झिजले होते. "सरळ चालल्येली गाडी हाय," एवढाच शेरा. आकड्यात एक लाख ऐंशी हजार किलोमीटर होते आणि पायाखालच्या पेडलांची रबरेही तितकीच जुनी दिसत होती. आकडा कमी आणि रबर झिजलेले, असे दिसले तर आकडा मागे फिरवला समजावे.

दूधवाला म्हातारा होता. मुलगा पुण्याला लागला होता, म्हशी विकल्या होत्या. "हिला मी कधी काही ओढाया लावलं नाही," असे तो दोनदा म्हणाला. सौदा ठरल्यावर त्याने काचेपुढचा खंडोबाचा टाक काढला, धोतराला पुसला आणि खिशात टाकला. मग गाडीच्या टपावर हात ठेवून जरा उभा राहिला. आम्ही तिघेही उगाच दुसरीकडे पाहू लागलो.

कागद माझ्याकडे. इथे माझी परीक्षकाची नजर कामी आली. चेसीचा क्रमांक कागदाखाली धरून वरून पेन्सिल घासली आणि उमटलेले आकडे नोंदणीपुस्तकाशी एक-एक ताडून पाहिले. गाडीवर कर्ज होते, ते फिटलेही होते. पण कर्जाची नोंद पुस्तकातून उडवलेली नव्हती. त्यासाठी कर्ज देणाऱ्याचा दाखला आणि पस्तीस नंबरचा अर्ज लागतो. तो हाती येईपर्यंत मी विसाराच्या वर एक पैसा देऊ दिला नाही. आठ वर्षांवरच्या मालगाडीचा फिटनेसचा दाखला दरवर्षी नवा करावा लागतो, तोही पाहिला. या सगळ्यात पाडवा निघून गेला. भावाकडे साधा हलक्या वाहनाचा परवाना होता आणि मालवाहू गाडीला तो चालतो की नाही याची त्याला धास्ती होती. पाडव्यानंतर चारच दिवसांनी, ६ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना हा परवाना पुरतो असा निर्वाळा दिला. आमच्या घराण्यातला कोणताही प्रश्न इतक्या तत्परतेने सुटल्याचे मला आठवत नाही.

तुळशीच्या लग्नाआधी दोन दिवस गाडी पोखर्णीला आली. आईने तिला ओवाळले आणि चेपलेल्या दरवाजावरच नेमके स्वस्तिक काढले. हूक नवा केला; तो मात्र उस्तादांनी वेल्डिंग न करता जाड पट्टी घालून सांगाड्याला बोल्टने आवळला. ट्रॉली जोडून आम्ही शेताकडच्या पांदीत उतरलो. भाऊ चालवत होता, मी शेजारी. गाडी जरा वेग घेऊ लागली की मागून कोणीतरी शेपूट धरून हलवावे तशी डोलू लागे. उस्तादांनी टायरची हवा पाहिली, हूक पाहिला, डोके खाजवले.

बांधावर आमच्या वडिलांच्या वेळचे सालगडी बसले होते. आता त्यांना नीट दिसत नाही. ते तिथूनच म्हणाले, "मालक, उलाळ व्हायलीय. म्होरं सरकवा थोडं."

मी चमकलो. उलाळ आणि धुरजड! बैलगाडीत मागे भार जास्त झाला, जू वर उचलले जाऊ लागले, की गाडी उलाळ. पुढे जास्त झाला, बैलांच्या मानेवर बसला, की धुरजड. त्याच सत्रात मी वर्गात हे दोन शब्द फळ्यावर लिहून त्यांपुढे 'कालबाह्य' असे लिहिले होते आणि मुलांनी ते इमानाने उतरवून घेतले होते. आम्ही ट्रॉलीवरचा जनरेटर सोडवला आणि आसाच्या वीतभर पुढे सरकवून पुन्हा आवळला. हुकावर थोडेसे वजन आले. ट्रॉली शहाण्या बैलासारखी मागे चालू लागली. उस्ताद मला म्हणाले, "ये लफ्ज क्या था सर? लिख के दो." मी त्यांच्या सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिले.

ट्रॉली हेही कायद्याने वाहनच. तिची वेगळी नोंदणी लागते, हे आम्हांला कागद चाळताना कळले. तोपर्यंत ती सडकेवर आणायची नाही असा मी हट्ट धरला. भावाने तो पाळला. जनरेटर हौद्यात घालून एक खेप, खुर्च्यांची दुसरी, आणि दोन्ही खेपांना मला मनातल्या मनात शिव्या. आता ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसले आहेत, नंबरही मिळाला आहे. भरला हौदा आणि मागे ट्रॉली असे दोन्ही एकदम करायचे नाही, हेही ठरले आहे.

परवा गावी गेलो तेव्हा जनरेटरच्या अंगावर भावाने स्वतः लाल रंगाने लिहिलेली पाटी दिसली. 'ईथे कोनी बसु नये.' पुतण्या शेजारी उभा राहून माझ्या तोंडाकडे पाहत होता. काका आता काय काय सुधारणार, याची त्याला उत्सुकता होती. रंगाचा डबा आणि कुंचला तिथेच पडला होता. मी त्याला म्हणालो, "वाचता येतंय ना तुला?" तो "हाव" म्हणाला. मग आम्ही दोघे पुढे, भावाशेजारी, जाऊन बसलो.