'धुये' आणि 'धुलिया'

खानदेशातल्या खेड्यातून आलेला विद्यार्थी वर्गात 'धुये' किंवा 'जयगाव' म्हणाला, की मागच्या बाकांवरून हशा पिकतो. या हशाला माझी हरकत आहे. अहिराणीत आणि जळगावकडच्या लेवा गणबोलीत 'ळ'चा 'य' होतो, आणि तो नेमाने होतो. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. मग धुळ्या-जळगावानेच कोणाचे घोडे मारले? ज्याला आपण गावंढळपणा म्हणतो, तो त्या बोलीचा पक्का नियम आहे.

उलट साहेबाच्या जिभेला 'ळ' वळेना आणि त्याच्या लिपीत तो मावेना, म्हणून त्याने 'धुलिया' लिहिले. ते नाव कागदोपत्री चांगले रुजले. हिंदी बोलणारा प्रवासी आजही 'धुलिया' म्हणतो आणि त्याला कोणी हसत नाही. परक्याची अडचण खपते, घरची बोली खपत नाही, हा न्याय कुठला?

पाटीवर आणि उत्तरपत्रिकेत 'धुळे'च असावे. त्याबद्दल वाद नाही. पण १९५२ साली पुस्तकरूपाने आलेली बहिणाबाई चौधरींची गाणी याच मुलखाच्या बोलीतली आहेत. त्यांची रसग्रहणे लिहून आपण गुण मिळवतो, आणि तीच बोली शेजारच्या बाकावरून आली की तोंडाला रुमाल लावतो! हसू झालेली मुले पुढे वर्गात तोंडच उघडत नाहीत. वक्तृत्व स्पर्धेला खेड्यातली नावे का येत नाहीत, हे आपल्या वाङ्मय मंडळाने एकदा त्यांनाच विचारावे.