विश्लेषण : सेवेसाठी परदेशवारी, ‘कार्बन ऑफसेट’ने विमानाचा हिशेब मिटतो का?

लंडनहून काठमांडूला जायचे, दोन आठवडे एखाद्या शाळेत इंग्रजी शिकवायचे किंवा बालगृहातील मुलांसोबत राहायचे आणि परतायचे. पाश्चात्त्य देशांतील तरुणांमध्ये रूढ झालेल्या या प्रकाराला ‘व्हॉलंटुरिझम’ म्हणतात. यात पगार मिळत नाही, उलट स्वयंसेवकच शुल्क भरतो. आता थोडे जादा पैसे भरून प्रवासाच्या उत्सर्जनाची भरपाई, म्हणजेच ‘कार्बन ऑफसेट’ करण्याचा पर्यायही दिला जातो. ही भरपाई खरोखर होते का?

एका फेरीचे उत्सर्जन किती?

लंडन-काठमांडू हे जाऊन-येऊन अंतर साधारण १४,७०० किलोमीटर भरते. इकॉनॉमी वर्गातील प्रवाशामागे किलोमीटरला १०० ग्रॅम असा ढोबळ दर धरला, तरी दीड टन कार्बन डायऑक्साइड होतो. नेपाळचे दरडोई वार्षिक उत्सर्जन अर्ध्या टनाच्या आसपास आहे. म्हणजे ज्यांच्या मदतीला पाहुणा निघाला, त्यांच्यापैकी एकाच्या तीन वर्षांच्या वाट्याइतका कार्बन एका फेरीत खर्च होतो.

दोन आठवड्यांत कामाचे दिवस दहा धरले, तर दिवसाला १५० किलो पडतात. तोच स्वयंसेवक वर्षभर राहिला आणि २५० दिवस काम केले, तर हा आकडा सहा किलोवर येतो. विमान तेच, तिकीटही तेच. मुक्कामाच्या लांबीने हिशेब इतका बदलतो. पण कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हा भागाकार सहसा नसतो.

शिवाय विमानाचा परिणाम कार्बन डायऑक्साइडपुरता नाही. उंचावर उमटणारे बाष्पाचे पट्टे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांमुळेही तापमान वाढते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, विमान वाहतुकीच्या एकूण तापमानवाढीच्या परिणामात या घटकांचा वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे. काही गणकयंत्रे तो धरतात, काही वगळतात. त्यामुळे एकाच प्रवासाचे आकडे वेगवेगळे येतात.

ऑफसेट कसे चालते?

एक क्रेडिट म्हणजे एक टन उत्सर्जन टाळल्याचा किंवा शोषल्याचा दाखला. नेपाळमधील गोबर गॅस योजना हे त्याचे जुने उदाहरण. तिथले प्रकल्प क्योटो कराराच्या यंत्रणेत २००५ मध्येच नोंदवले गेले. घरात गोबर गॅस आला की सरपण वाचते, धूरही कमी होतो. हा फायदा खरा आहे.

गोम पुढे आहे. प्रकल्प झालाच नसता तर किती लाकूड जळाले असते, किती जंगल तुटले असते, हे अंदाजाने ठरवावे लागते. अंदाज जितका फुगवावा तितकी क्रेडिट जास्त. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’, ‘डी त्साइट’ आणि ‘सोर्समटेरियल’ यांच्या संयुक्त तपासात, ‘व्हेरा’ या संस्थेने प्रमाणित केलेल्या वर्षावन प्रकल्पांची ९० टक्क्यांहून अधिक क्रेडिट बहुधा पोकळ असल्याचा निष्कर्ष निघाला. व्हेराने तो फेटाळला. सुधारित चुलींच्या प्रकल्पांबाबत २०२४ च्या एका अभ्यासाने, प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट वाटल्याचे म्हटले. अनेक क्रेडिट टनाला दहा डॉलरपेक्षाही स्वस्त मिळतात. दीड टनाची ‘भरपाई’ विमानतळावरच्या एका जेवणाच्या पैशांत होत असेल, तर शंका येणारच.

पर्यटन कंपन्यांचा अनुभव काय?

‘रिस्पॉन्सिबल ट्रॅव्हल’ या ब्रिटिश कंपनीने २००२ मध्ये ग्राहकांना ऑफसेट देऊ केले, तेव्हा असे करणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या. २००९ मध्ये तिने ते बंद केले. ऑफसेटमुळे उत्सर्जन कमी करण्याचा मूळ मुद्दा बाजूला पडतो, अशी तिची भूमिका होती. याच कंपनीने २०१३ मध्ये अनाथालयांतील स्वयंसेवेच्या सहलीही काढून टाकल्या.

हे दोन निर्णय एकत्र पाहायला हवेत. युनिसेफने २०१५ च्या भूकंपानंतर दिलेल्या माहितीनुसार, नेपाळच्या बालगृहांत १५ हजारांहून अधिक मुले होती आणि त्यांतील किमान ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात होते. तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी पाच पर्यटन जिल्ह्यांतच बहुतेक नोंदणीकृत बालगृहे एकवटली होती. पाहुणे आणि देणग्या जिथे येतात, तिथे ‘अनाथ’ मुलांची मागणी तयार होते. दलाल शिक्षणाचे आमिष दाखवून खेड्यांतून मुले आणतात. अशा सहलीचा कार्बन शून्यावर आणला, तरी त्या मुलाच्या घरी काही परत जात नाही. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करण्यासही परवानगी नाही, ही बाब वेगळीच.

नियम काय सांगतात?

मार्च २०२४ मध्ये अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने ‘केएलएम’च्या पर्यावरणविषयक जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, ऑफसेटविषयीचे दावेही त्यांत होते. ‘कोर्सिया’ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या योजनेत भारत २०२७ पासून सहभागी होणार आहे. पण तिथे भरपाई २०१९ च्या पातळीच्या ८५ टक्क्यांवरील उत्सर्जनापुरतीच आहे. युरोपीय संघाने केवळ ऑफसेटच्या आधारावर एखादे उत्पादन किंवा सेवा ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणण्यास मनाई केली असून, हा नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू आहे. ही मनाई शब्दांवर आहे. दोन आठवड्यांच्या सहली विकण्यावर नाही.