गावपळणीनंतरची ग्रामसभा

ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की कोकणातले आचरा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाते. झावळांच्या राहुट्या, तीन दगडांची चूल, सोबत गुरे-कोंबड्याही. या गावपळणीत मुसलमान कुटुंबेही निघतात. राहुटी कुणाची, हे तिथे कुणी विचारत नाही.

ग्रामसभेत मात्र तारखा ठरलेल्या आणि पुढच्या खुर्च्यांवरची माणसेही ठरलेली. अठराव्या वर्षी मत, एकविसाव्या वर्षी उमेदवारी, हे कायदा देतो. पण मोहल्ल्यातल्या पोराला बोलावणे येते ते बहुधा सणाआधीच्या शांतता समितीपुरते. नळपाणी योजनेवर त्याला कोण विचारतो? वय लहान म्हणावे, तर चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढताना अवघे सदतीस वर्षांचे होते.

नेतृत्व शिबिरे जरूर भरवा. प्रमाणपत्रे भिंतीवर शोभतात. त्याआधी मतदार यादी पाहा. मासेमारी होड्यांवरच्या नेपाळी खलाशाला इथे मत नाही, हे खरेच. पण परराज्यातून येऊन किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या भारतीय तरुणाला मतदार यादीतला पत्ता बदलता येतो, नमुना ८ भरून. सकाळी होड्या लागतात तेव्हा ते अर्ज घेऊन बंदरावर एक टेबल मांडले तरी पुरे.