पान्याला कागद पाहिजे

गोदीत मी ट्रकात माल भरतो. ट्रक अडला की गॅरेजचं पोरगं येतं, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतं. पगार मात्र पोटापुरताही नाही. कारण कागद नाही. आता बॅटरीच्या गाड्या आल्यात, त्यांना इंजिनच नाही. तिथं कान काय करणार?

दोस्तांनो, आपल्या हातातली कला फुकटात राबवून घ्यायची ही इथली जुनीच खोड. म्हणून सांगतो, दहावी झालात तर आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड घ्या. मग अप्रेंटिसशिप करा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीनं आलेल्या आपल्या राखीव जागा आहेत. त्या मागू नका, मोजून घ्या.

पण तोच कायदा कलम १८ मध्ये म्हणतो, अप्रेंटिस शिकाऊ आहे, कामगार नाही. अंगभर ग्रीस, तरी कामगार नाही! शिकून झाल्यावर नोकरी द्यायची की नाही, ते धोरणही २०१४ च्या दुरुस्तीनं मालकाच्याच हाती दिलं.

तरी कागद घ्याच. आणि युनियन करताना गॅरेजच्या त्या बिनकागदी पोराला बाहेर ठेवू नका. नाहीतर आपलाच कागद आपल्यातली नवी जात होईल.