दप्तर कोणत्या फायलीत ठेवावे?

तालुक्याच्या गावातील एखादे सार्वजनिक ग्रंथालय आपली दाखलनोंदवही, सभासदांची खाती, अनामत रकमा आणि रोजची देवघेव संगणकावर आणावयाचे ठरविते, तेव्हा कार्यकारी मंडळाच्या सभेत चर्चा होते ती पावतीच्या छपाईची, पडद्याच्या मांडणीची आणि फार तर खर्चाची. परंतु ज्या प्रश्नावर त्या साऱ्या व्यवहाराचे पुढील ३० वर्षांचे भवितव्य अवलंबून असते, तो प्रश्न, म्हणजे ही माहिती कोणत्या फायलीत, कोणत्या स्वरूपात आणि कोणाच्या निगराणीखाली राहणार हा, बहुधा कोणी विचारीतच नाही. तो प्रोग्रामरच्या मर्जीवर सोडला जातो आणि प्रोग्रामर आपल्या सवयीनुसार त्याचा निकाल लावतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, हा निर्णय संस्थेने स्वतः घ्यावा. आणि ग्रंथालय, लहान शाळा, गृहनिर्माण संस्था यांसारख्या ठिकाणी तो बहुतेक वेळा एसक्यूलाइट या डेटाबेसच्या बाजूने लागावा.

या डेटाबेसची जन्मकथा त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी एक प्रोग्राम लिहीत होते. तो ज्या स्वतंत्र डेटाबेस सर्व्हरवर विसंबून होता तो सर्व्हर बंद पडला की, स्वतःत काही दोष नसतानाही, तो प्रोग्राम निरुपयोगी होऊन बसे. तेव्हा हा मध्यस्थच काढून टाकावा आणि प्रोग्रामने डिस्कवरील फाईल स्वतःच वाचावी व लिहावी, या विचारातून २००० साली एसक्यूलाइट निर्माण झाले. त्यासाठी वेगळी सेवा चालू ठेवावी लागत नाही, वेगळा व्यवस्थापक नेमावा लागत नाही. पायथॉनसारख्या भाषेत तर ते २००६ पासून भाषेबरोबरच येते. आज आपल्या खिशातील प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये ते आहे. त्याची मूळ संहिता सार्वजनिक मालकीची आहे, फायलीचे स्वरूप तपशीलवार प्रसिद्ध केलेले आहे, २००४ पासून जुनी फाईल नव्या आवृत्तीत उघडते आणि निदान २०५० पर्यंत हा पाठिंबा चालू ठेवण्याचे कर्त्यांनी जाहीर केले आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंचांच्या जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत त्याचा समावेश केला, तो याच गुणांमुळे.

जतनाचा हा मुद्दा महाराष्ट्राला परका नाही. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत सिद्ध करू शकले, कारण ते रुमाल ज्या मोडी लिपीत लिहिले होते ती कोणा एका कारकुनाची खाजगी मालमत्ता नव्हती. जो शिकेल त्याला ती वाचता येत होती. याउलट, युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी फाँट बनविणारा प्रत्येक जण अक्षरांना स्वतःचे संकेतांक देत असे, आणि १९९० च्या दशकात फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममध्ये मोठ्या कष्टाने भरलेल्या याद्या तशाच संकेतांकांत साठविल्या गेल्या. फॉक्सप्रोची ती डीबीएफ फाईल आजही उघडते, रकाने जसेच्या तसे दिसतात. परंतु मूळचा फाँट नसेल तर ‘ग्रंथकार’ या रकान्यात रोमन अक्षरांचा निरर्थक समूह तेवढा उरतो. म्हणून फाईल खुली असणे पुरेसे नाही, तिच्यातील मजकूरही युनिकोडमध्येच भरला पाहिजे, ही अट करारपत्रात स्वतंत्र कलम म्हणून यावी.

निवड झाल्यावर मांडणीचा भाग येतो, आणि येथे मी थोडा विस्तार करणार आहे, कारण एसक्यूलाइट हे जुन्या प्रोग्रामांशी मेळ राखण्यासाठी काही बाबतींत फार सैल राहिलेले आहे. देवघेवीच्या नोंदीत लिहिलेला सभासद क्रमांक सभासदांच्या यादीत असलाच पाहिजे, हा ‘फॉरेन की’चा नियम प्रोग्रामरने लिहून ठेवला तरी सामान्यतः तो आपोआप अमलात येत नाही, प्रत्येक वेळी डेटाबेसशी जोडणी करताना तो चालू करावा लागतो. अंकांच्या रकान्यात अक्षरे भरली तरी मूळ व्यवस्था ती मुकाट्याने स्वीकारते. ते टाळावयाचे तर तक्ता ‘स्ट्रिक्ट’ म्हणून घोषित करावा, आणि ही सोय २०२१ पासून उपलब्ध आहे. ‘वॉल’ नावाची नोंदपद्धती स्वीकारली म्हणजे एक जण लिहीत असताना इतरांना वाचता येते. मात्र त्या पद्धतीत ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या दुसऱ्या फायलीत राहत असल्याने, काम चालू असताना केवळ मुख्य फाईल पेन ड्राइव्हवर ओढून घेतली तर सकाळची सारी देवघेव त्या नकलेत नसण्याचा संभव असतो. नक्कल घ्यावी ती डेटाबेसच्याच बॅकअपच्या किंवा ‘व्हॅक्यूम इंटू’च्या आज्ञेने, आणि घेतल्यावर ती अखंड आहे याची तपासणीही डेटाबेसकडूनच करून घ्यावी.

मराठीचा स्वतःचा म्हणून एक प्रश्न उरतो, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष मला विशेष खटकते. एसक्यूलाइट मजकुराचा क्रम लावते ते संकेतांकांच्या क्रमाने, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसविलेला आहे. परिणामी ग्रंथकारांच्या सूचीत केळकर हे केशवसुतांच्या आधी येतात, जे शाळेत शिकविलेल्या वर्णमालेच्या विरुद्ध आहे. तसेच ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्यापूर्वी आणि पुष्कळ ठिकाणी आजही ते ‘अ’ वर चंद्र देऊन दोन संकेतांकांत लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण शोध घेणाऱ्या यंत्राला ती भिन्न वाटतात, आणि कपाटात असलेले ॲरिस्टॉटलचे पुस्तक ‘उपलब्ध नाही’ म्हणून वाचक परत पाठविला जातो. नोंद भरतानाच सर्व अक्षरे एका ठरावीक रूपात आणणे आणि मराठी क्रम जाणणारी आयसीयू ही तयार प्रोग्राम-संहिता जोडणे, हे दोन्ही उपाय अवघड नाहीत. आपल्या भाषेची सूची आपल्या भाषेच्या क्रमाने लागावी असा आग्रह धरणारा ग्राहक मात्र हवा.

एसक्यूलाइट सर्वत्र चालेल असे मी म्हणत नाही. त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो. ग्रंथालयाच्या एका खिडकीपुरते त्याने काहीच अडत नाही, कारण प्रत्येक लेखनाला क्षणाचा अल्पांश लागतो. परंतु दहा शाखांतून एकाच वेळी रकमा जमा होणाऱ्या पतसंस्थेने पोस्टग्रेस या स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसकडे जावे आणि त्याची देखभाल करणारा जाणकार माणूस नेमावा. नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये एसक्यूलाइटची फाईल ठेवून चार संगणकांवरून तिच्यात लिहिणे हे तर कटाक्षाने टाळावे, कारण अशा ठिकाणी फायलीला लागणारे कुलूप भरवशाचे नसते आणि फाईल बिघडू शकते. फाईल एकाच संगणकावर असावी, प्रोग्राम तेथेच चालावा आणि इतरांनी ब्राउझरमधून त्याच्याशी व्यवहार करावा.

फाईल उघडून पाहण्यासाठी ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हे विनामूल्य साधन विंडोज आणि लिनक्स दोहोंवर चालते. त्याचा उपयोग ग्रंथपालाने नकलेवर करावा, चालू फायलीवर नव्हे. कारण त्यात एखादा बदल करून तो कायम करावयाचा राहिला तर तेवढा वेळ मूळ प्रोग्रामचे लेखन अडून राहते. काम ताब्यात घेण्याच्या दिवशी प्रोग्रामरच्या समक्ष अशी एक नक्कल दुसऱ्या संगणकावर न्यावी, त्याचा प्रोग्राम तेथे नसताना ती उघडावी, जुन्या दाखलनोंदवहीतील कोणतेही एक पान काढून त्यावरील दाखल क्रमांक त्या फायलीत शोधावेत, आणि ग्रंथनाम, ग्रंथकार, किंमत हे सर्व शुद्ध मराठीत डोळ्यांसमोर येईपर्यंत अखेरचा हप्ता अदा करू नये.